लाल सिंहाचा शिक्का

डिसेंबर १९८८. ब्रिटनच्या कनिष्ठ आरोग्यमंत्री एडविना करी टीव्हीवर बोलून गेल्या, की देशातल्या बहुतेक अंडी-उत्पादनात साल्मोनेला शिरला आहे. अंड्यांचा खप धाडकन कोसळला आणि दोन आठवड्यांत करीबाईंची खुर्ची गेली.

विधान अतिरंजित होतं. जंतू मात्र खरा होता.

‘साल्मोनेला एन्टरिटिडिस’ कोंबडीच्या अंडाशयात ठाण मांडू शकतो. ती धडधाकट दिसते, अंडी देत राहते आणि कवच चढण्याआधीच जंतू आत पोहोचलेला असतो. पोल्ट्रीवाल्याच्या वहीत तोटा दिसतच नाही. आजारपणाचा खर्च खाणाऱ्याच्या माथी. मग लसीवर पैसे कोण घालणार?

१९९८मध्ये ब्रिटिश अंडी-उत्पादकांनीच ‘लायन’ योजना नव्याने आणली. तलंगांना लस सक्तीची. कवचावर लाल सिंह, फार्मचा क्रमांक आणि मुदतीची तारीख. गिऱ्हाइकाचा विश्वास हळूहळू परतला. २०१७मध्ये तिथल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने ही अंडी अर्धकच्ची असली, तरी गरोदर बायका आणि लहान मुलांनाही चालतील, असं जाहीर केलं.

खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न आपल्याकडेही आहे. भारताने २०१९मध्ये पोल्ट्रीत कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली. औषधाऐवजी स्वच्छ शेड, लस आणि तपासणी यांवर भर द्यायचा, तर तो खर्च अंड्याच्या भावात कसा बसवायचा, याचा हिशेब या अंकात आहे.