दोन सोनापुरे

फराळाचे ताट पुढे असताना स्मशानाची आठवण काढतो, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण जुन्या गिरगावकराला सोनापूर म्हटले की मरीन लाइन्सची ती जागाच आठवणार. दुबईतही एक सोनापूर आहे, हे मला २०२४ साली मुलीकडे राहायला गेलो तेव्हा कळले. नकाशावर त्याचे नाव मुहैसना. हजारो मजूर तिथल्या छावण्यांतून पहाटे बसने शहर बांधायला निघतात आणि रात्री निजायला परततात.

त्या वर्षी १५ ऑगस्ट गुरुवारी आला. आमच्या मंडळींचा स्वातंत्र्यदिन मात्र शनिवारी, १७ तारखेला, एका हॉटेलच्या गारेगार दिवाणखान्यात झाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परमुलुखात देवसुद्धा सवडीने येतात. तिरंगी बर्फी होती, पागोटे घातलेले चिमुकले टिळक होते, लेझीम होती. राष्ट्रगीताला माझेही डोळे पाणावले. खोटे कशाला बोलू?

परंतु गुरुवारी दुपारी मी निराळेच काही पाहिले होते. तिकडे १५ जून ते १५ सप्टेंबर या दिवसांत साडेबारा ते तीन उन्हात काम करवून घेण्यास मनाई आहे. मुलीच्या घरामागे एक इमारत उठत होती, तिच्या सावलीत काही मजूर डबे सोडून बसले होते. त्यांतला एक गुहागरकडचा निघाला. अकरा वर्षे दुबईत होता. "मंडळाच्या कार्यक्रमाला येणार ना?" मी विचारले. तो म्हणाला, "काका, कसलं मंडळ?"

हे मी एका पदाधिकाऱ्यांच्या कानावर घातले. "ते लोक येत नाहीत हो!" हे पहिले उत्तर. बोलावले होते काय? तिकीट दीडशे दिरहमांचे. तेवढ्यात खानावळीचा अर्धा महिना निघतो, हे त्या गुहागरकरानेच मला सांगितले होते. दुसरे उत्तर, छावणीत कार्यक्रम करायला परवानग्या लागतात. लागतात खऱ्या, आणि यजमान देशाचा कायदा पाळलाच पाहिजे. पण नाचगाण्यासाठी ज्यांना त्या मिळवता येतात, त्यांचे हात नेमके इथेच आखूड का पडावेत? तिसरे उत्तर ऐकून मात्र माझा संताप झाला. "आम्ही दरवर्षी त्यांना कपडे देतो की!" अहो, जुने सदरे देऊन पंगत चुकवता येते काय? स्वातंत्र्यदिनाला माणूस याचक म्हणून येत नाही, धनी म्हणून येतो.

आणि धनी तरी कोण? परदेशातून घरी येणाऱ्या पैशात भारत जगात पहिला आहे; त्यात या सदऱ्यांचा घामही आहे. त्या दिवाणखान्यात माझ्या टेबलावरच्या पाचांपैकी तिघे कॅनडाचे कागद रंगवत होते. खुशाल जावोत. गुहागरकराला मात्र म्हातारपणी गुहागरलाच परतायचे आहे, निळे पारपत्र घेऊन.

हॉटेल सोडा, असे मी म्हणत नाही. मजुरांच्या सुट्टीच्या संध्याकाळी एक बस करा, चार पातेली पुरी-भाजी घ्या, मुलांना टिळकांच्या पागोट्यासकट सोनापुरात न्या, आणि त्यांच्या शेजारी जेवायला बसा.

निघताना त्या गृहस्थाने एक गोष्ट सहज सांगितली होती. शाळेत असताना पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीत लेझीमचा म्होरक्या तोच असे. शनिवारी मंडळाच्या पथकात दोन गडी कमी पडले होते.