बुडालेल्या बेटाची बाराखडी

जे गाव कधी नव्हतंच, त्याच्या बाराखडीचे लाड पाहिले की माझं डोकं फिरतं. अटलांटिसचंच घ्या. प्लेटोने हे बेट लेखणीने उभारलं आणि एका दिवस-रात्रीत समुद्रात बुडवलं. तिथल्या राजांचे कायदे खांबावर कोरले होते म्हणतो. कोणत्या लिपीत, ते नाही सांगत. नावं म्हणाल तर ती आधी इजिप्तवाल्यांनी आपल्या भाषेत आणली, मग सोलोनने ग्रीकमध्ये, असं सांगून स्वारी मोकळी!

ही उणीव २००१ साली डिस्नेच्या चित्रपटाने भरून काढली. भाषा रचली मार्क ओक्रँड यांनी. लिपी चालते ती नांगराच्या बैलासारखी: एक ओळ डावीकडून, पुढची उजवीकडून. हौसेला मोल नाही, कबूल.

पण याच ओक्रँडसाहेबांनी १९७७ मध्ये डॉक्टरेट केली ती कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन भाषेच्या व्याकरणावर. ही भाषा खरी होती. हिच्यात भांडणं झाली, अंगाई झाली. ती जाणणाऱ्या अखेरच्या बाई, आसेन्सिओन सोलोर्सानो, १९३० मध्ये वारल्या; अंथरुणावरूनसुद्धा हॅरिंग्टन नावाच्या अभ्यासकाला शब्द सांगत राहिल्या. त्यांच्यासाठी कुणी तिकिटाच्या रांगेत उभं राहिलं? आज त्यांचे भाईबंद तीच टिपणं चाळून एकेक शब्द पुन्हा शिकताहेत.

आणि आपण? नसलेल्या बेटाचं सुतक पाळतो; खऱ्या भाषेचा प्राण गेला, तर ‘अरेरे’ म्हणून चहा मागवतो!