दिवाळीचा बोनस आकाशातून पडला नाही!

‘युनियन’ हा शब्द उच्चारला की आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाच्या कपाळावर आठ्या उमटतात. संप, घोषणा आणि कामचुकारपणा यांपलीकडे कामगार चळवळीत काही असते, हे त्याला मान्यच नसते. मात्र दिवाळीचा बोनस घेताना हाच वर्ग जराही संकोच करत नाही! हा बोनस कोणाच्या कृपेने आला? १९२४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्यासाठी संप केला आणि ते हरले. बोनस हा हक्क नव्हे, मालकाची मर्जी आहे, असेच तेव्हा ठरले. पुढे १९५० साली श्रम अपिली न्यायाधिकरणाने त्याचे सूत्र घालून दिले आणि १९६५ मध्ये कायदा झाला. जे हरले, त्यांच्या उपाशी दिवसांवर आपल्या फराळाचे ताट उभे आहे.

‘मी शिकलेला आहे, माझे मी पाहून घेईन,’ असे आजचा तरुण म्हणतो. बाजारात मागणी असेपर्यंत हे खरे वाटते. परंतु मालकाकडे भांडवल असते, वकील असतात आणि थांबण्याची ताकद असते. एकट्या नोकरदाराजवळ यांतले काय असते? मद्रासच्या बकिंगहॅम-कर्नाटक गिरणीच्या प्रकरणात संघटनेचे अध्यक्ष बी. पी. वाडिया यांच्याविरुद्धच न्यायालयाने मनाई हुकूम दिला. संघटना करणे हाच अपराध ठरू पाहत होता. ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे १९२६ चा कामगार संघटना कायदा आला. जो हक्क इतक्या कष्टाने मिळाला, तो वर्गणीचे चार पैसे वाचवण्यासाठी सोडून द्यायचा?

यावर १९८२ च्या गिरणी संपाचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले आणि गिरणगाव उद्ध्वस्त झाले, हे सत्य आहे. परंतु त्याचे कारण तपासले पाहिजे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटींचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे होता आणि कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता. कागदावरची संघटना एकीकडे आणि जिवंत असंतोष दुसरीकडे, अशी ती स्थिती होती. जुनाट यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा आणि गिरण्यांच्या जमिनीचा भाव यांचाही त्या विनाशात वाटा होता. तेव्हा १९८२ चा धडा ‘संघटना नको’ असा नसून ‘संघटना सभासदांची हवी’ असा आहे. सभेला न जाणाऱ्या, हिशेब न विचारणाऱ्या सभासदाला पुढाऱ्याला दोष देण्याचा अधिकार नाही.

वर्गसंघर्ष हाच श्रमिकाचा धर्म, हे डाव्यांचे प्रतिपादन आम्हाला मान्य नाही. २३ जुलै १९५५ रोजी भोपाळमध्ये दत्तोपंत ठेंगडी यांनी भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, ती राष्ट्रहित, उद्योगहित आणि श्रमिकहित यांची सांगड घालण्यासाठी. परंतु समन्वय म्हणजे शरणागती नव्हे! १९७४ च्या रेल्वे संपात मजदूर संघाचे रेल्वे कामगारही इतर झेंड्यांच्या कामगारांबरोबर उतरले होते. श्रमिकाच्या भाकरीचा प्रश्न आला की झेंड्याचा रंग पाहायचा नसतो.

आज तर सभासदत्वाला कायद्यानेच वजन दिले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, एका आस्थापनेत अनेक संघटना असल्यास ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेलीच एकटी वाटाघाट करू शकते. तसा पाठिंबा कोणालाच नसेल, तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची परिषद बसते. म्हणजे कुंपणावर बसलेला प्रत्येक कामगार आपल्याच बाजूचे बळ घटवत असतो.

एक कटू सत्य कायम कामगारांनाही सांगितले पाहिजे. शेजारच्या यंत्रावर तेच काम करणारा कंत्राटी मजूर निम्म्या पगारात राबत असेल आणि आपण त्याच्याकडे पाठ फिरवत असू, तर उद्या आपल्या जागीही कंत्राटीच येणार आहे. त्याला सभासद करून घेणे हा उपकार नव्हे, ते आत्मरक्षण आहे.

कार्यकर्त्यांनी हा विषय घराघरांत न्यावा. नोकरीला लागणाऱ्या मुला-मुलींना पहिल्या पगाराच्या दिवशी बचतीचा सल्ला आपण देतोच. त्याबरोबर संघटनेची पावती फाडायलाही सांगावे. संकट दारात आल्यावर शोधायला निघाले, तर संघटना सापडत नाही. ती आधीच बांधलेली असावी लागते.