कुंचल्याला पत्ता लागत नाही

जालना रेल्वे स्थानकाच्या फलाटावर किंवा बसस्थानकाच्या ओट्यावर पहाटेच्या वेळी अंगावर फाटके कांबळे ओढून निजलेली माणसे आपण पाहिली असतील. ‘भिकारी’ किंवा ‘वेडा’ या दोन शब्दांत त्यांचे सारे आयुष्य गुंडाळून आपण पुढे जातो. २०११ च्या जनगणनेत अशा बेघर माणसांची संख्या देशात १७ लाखांहून अधिक नोंदली गेली. त्यांत शेतकरी होते, कारागीर होते, आणि कलावंतही असणारच.

वैद्यकीय दृष्टीने पाहिले, तर उघड्यावर राहणाऱ्या माणसाला बरेचसे तेच आजार असतात, जे आपल्याला असतात: रक्तदाब, मधुमेह, दमा, मोतीबिंदू. फरक इतकाच की त्याच्या गोळीला ठरलेली वेळ नसते, जखमेला स्वच्छ पाणी नसते आणि झोपेला सुरक्षितता नसते. पण आणखी एक दुखणे असे आहे, जे कोणत्याही तपासणीत उमटत नाही. महिनोन्महिने त्याला कोणी नावाने हाक मारलेली नसते. ज्याला नावाने कोणी ओळखत नाही, तो हळूहळू स्वतःची काळजी घेणेही सोडून देतो. या दुखण्यावर कलेचा उपयोग होतो, आणि तो कसा होतो हे आज आपण पाहू.

मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्याने १९८८ मध्ये मुंबईत ‘श्रद्धा पुनर्वसन’ संस्थेचे काम सुरू केले. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणायचे, उपचार करायचे आणि बरे वाटल्यावर त्यांच्या घरी पोहोचवायचे, असे हे काम. एकदा त्यांना रस्त्यावर आढळलेला एक रुग्ण सर जे. जे. कला महाविद्यालयाचा अध्यापक निघाला. ही गोष्ट कळताच कलाक्षेत्रातील मंडळी पुढे आली. चित्रकारांनी आपल्या कलाकृती दिल्या, प्रदर्शन भरले आणि त्यातून संस्थेच्या कामाला निधी मिळाला. पुढे दहिसरला आणि नंतर २००६ मध्ये कर्जतला संस्थेचे केंद्र उभे राहिले. डॉ. वाटवानी यांना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या घटनेत मला महत्त्वाचे वाटते ते असे: रस्त्यावरच्या त्या माणसाला ‘हा आपल्यातला चित्रकार आहे’ असे म्हणणारे लोक भेटले, आणि त्या ओळखीचा आधार पुढे अनेक अनोळखी रुग्णांना झाला.

आपल्या पिढीला कवी नारायण सुर्वे ठाऊक आहेत. मुंबईच्या रस्त्यावर सापडलेले हे तान्हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी नेले. पुढे पोरवयात पुन्हा फुटपाथ वाट्याला आला. हॉटेलात, गिरणीत, शाळेत शिपाई म्हणून, असे मिळेल ते काम त्यांनी केले. कामगार चळवळीने त्यांना ऐकणारी माणसे दिली. १९६२ मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह आला आणि १९९५ मध्ये आपल्या शेजारच्या परभणीत भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. प्रतिभा त्यांची स्वतःचीच होती. परंतु ती फुलण्यासाठी समोर कोणीतरी बसून ऐकावे लागते. ऐकणारे जमवणे हे समाजाच्या हातचे काम आहे.

इतरत्र हे काम पद्धतशीरपणे होते. लंडनमधील ‘कॅफे आर्ट’ या उपक्रमाने बेघर माणसांना एकदाच वापरायचे १०० कॅमेरे वाटले आणि त्यांनी टिपलेल्या छायाचित्रांची दिनदर्शिका काढली. अमेरिकेत बोस्टन येथे २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘आर्टलिफ्टिंग’मध्ये विक्रीच्या रकमेतील ५५ टक्के वाटा कलावंताला मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. गाणे, चित्र, नृत्य, नाट्य यांचा मनःस्वास्थ्याला आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या देखभालीला हातभार लागतो, असे त्यात दिसून आले.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. रंगांनी छप्पर होत नाही आणि गाण्याने स्किझोफ्रेनिया बरा होत नाही. आधी निवारा, अन्न व औषध. त्यांच्या जोडीला कला. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहराच्या दर लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांना सामावणारा निवारा असावा, असा निकष ठरला होता. आपल्या शहरात निवारा कोठे आहे आणि तेथे किती जण राहतात, हे नागरिक म्हणून आपण विचारायला हवे.

आपल्या जिल्ह्यात असा कलावर्ग सुरू करणे अवघड नाही. निवृत्त कलाशिक्षक, भजनी मंडळातील पेटीवादक, गोधडी शिवणाऱ्या आजी यांची आपल्याकडे उणीव नाही. निवारागृहात, वृद्धाश्रमात किंवा मंदिराच्या सभामंडपात आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी दोन तास पुरेत. वार मात्र चुकवू नये. ज्याच्या आयुष्यात काहीच ठरलेले नाही, त्याला ठरलेला वार हाच मोठा आधार असतो.

डॉक्टर म्हणून काही सूचना कराव्याशा वाटतात. सांधे आखडले असतील तर कुंचल्याच्या दांडीला कापड गुंडाळून ती जाड करावी. हात थरथरत असेल तर कागद चिकटपट्टीने टेबलावर पक्का बसवावा. दृष्टी मंद असेल तर काळ्या कागदावर पांढरा खडू द्यावा. मधुमेहामुळे बोटे बधिर झालेल्यांना सुईचे काम देऊ नये. शाडूची माती द्यावी. दमा असलेल्यांच्या जवळ टर्पेंटाइन नको, पाण्याचे रंग बरे. मध्ये चहा आणि थोडे खाणे असावे.

वागण्याचेही काही पथ्य आहे. सर्वांना ‘अहो’ म्हणावे आणि नाव विचारून लक्षात ठेवावे. ‘घर का सोडले?’ हे विचारू नये. सांगायचे असेल तर माणूस आपणहून सांगतो. परवानगीशिवाय छायाचित्र काढू नये. चित्राखाली त्याची इच्छा असेल तर त्याचेच नाव असावे आणि चित्र विकले गेले तर पैसे त्याच्याच हाती जावेत. एखादा जण पुढच्या आठवड्यात आला नाही, तर त्याची चौकशी करावी. आजार अनेकदा अशाच गैरहजेरीतून लक्षात येतो.

गोंधळी, वासुदेव, बहुरूपी अशा ज्या कलावंतांचे आयुष्य वाटेवरच गेले, त्यांच्या बाबतीत आणखी एक मदत हवी. ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी राज्य शासनाची मानधन योजना आहे. २०२४ पासून ती दरमहा ५,००० रुपये झाली आहे. पण ज्याला पत्ताच नाही, तो रहिवासाचा दाखला कोठून आणणार? आपल्यापैकी कोणी त्याच्याबरोबर पंचायत समितीत जाऊन एक दिवस खर्च केला, तर ती औषधाइतकीच उपयोगी मदत ठरेल.

रस्त्यावर मानसिक आजाराने भटकणारी व्यक्ती दिसली तर पोलिसांना कळवावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अशा व्यक्तीला संरक्षण देऊन २४ तासांच्या आत सार्वजनिक आरोग्य केंद्रात नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे क्रमांक दूरध्वनीजवळ लिहून ठेवावेत.

शेवटी घरातल्या माणसांविषयी. मुले ऊसतोडीला गेली की गावात मागे राहणारे आईवडील, सहा महिने एका मुलाकडे आणि सहा महिने दुसऱ्याकडे राहणारे आजोबा, स्मृतिभ्रंशामुळे स्वतःचेच घर परके वाटू लागलेली आजी. यांच्या डोक्यावर छप्पर असते, पण घर हरवलेले असते. त्यांना आज एवढेच विचारा: “तुम्ही पूर्वी काय करत होतात? गात होतात? रांगोळी काढत होतात?” आणि उत्तर आले, की खडू, टाळ किंवा सुई-दोरा, जे लागेल ते उद्याच आणून त्यांच्या हाती द्या.