स्वयंसेवा कुणाच्या खर्चाने?

परदेशी राहणाऱ्या सुनांबद्दल भोसरीत एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं : ‘तिथे तिचा वेळ छान जातो.’ एमआयडीसीच्या आसपासच्या घरांतून मुलगे नोकरीसाठी अमेरिकेला, जर्मनीला जातात, मागून सुना जातात. या वाक्याचा समाचार घ्यायला हवा. मीही तीन वर्षं असा ‘छान वेळ’ घालवून आले आहे.

एम.एस.डब्ल्यू. करून भोसरीच्या वस्त्यांत काम केलं आणि मग नवऱ्याच्या एच-१बी व्हिसामागे एच-४ चा शिक्का घेऊन डेट्रॉईटजवळ राहायला गेले. त्या शिक्क्याचा अर्थ सरळ होता : राहा, शिका, पण पगार घेऊ नका. २६ मे २०१५ पासून काही एच-४ बायकांना कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येऊ लागला, तोही नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठराविक टप्प्याला पोचलं असेल तरच. म्हणजे बाईच्या पगाराची किल्ली नवऱ्याच्या आणि त्याच्या मालकाच्या खिशात. आमचं प्रकरण तिथवर पोचलंच नाही.

तिथला एक दिवस सांगते. सकाळी फूड बँकेत धान्याची आणि डबाबंद अन्नाची खोकी भरायची. दुपारी वाचनालयात नव्याने आलेल्या बायकांकडून इंग्रजी बोलण्याचा सराव करून घ्यायचा. संध्याकाळी गणेशोत्सवासाठी मुलांचे नाच बसवायचे आणि रात्री कुणाच्या घरी जेवणाला चाळीस माणसं, त्यांच्यासाठी मसालेभात. मैत्रिणी मिळाल्या, कामात आनंदही होता, हे मी नाकारत नाही. पण शनिवारी येणारे पुरुष ‘वेळात वेळ काढून’ सेवा करत आणि आम्ही मात्र ‘वेळ जावा म्हणून’! काम तेच, तास आमचे जास्त. पुरुषाचा वेळ मोलाचा आणि बाईचा रिकामा, हे गृहीतक विमानात बसून आमच्याबरोबरच तिकडे गेलं होतं.

इकडे काय वेगळं आहे? वस्तीत घरोघरी फिरून गरोदर बायकांची नोंद करणारी, बाळांच्या लसीकरणाचा पाठपुरावा करणारी आशाताई सरकारच्या लेखी ‘स्वयंसेविका’च. ग्रामीण आरोग्य अभियानात २००५ साली हे पद आलं, २०१३ च्या शहरी अभियानाबरोबर शहरांतही पोचलं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. गौरव मिळाला, कर्मचाऱ्याचा दर्जा नाही. अंगणवाडी १९७५ पासून चालू आहे, तरी ताईंना मिळतं ते ‘मानधन’. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ उजाडावा लागला!

दोघींची परिस्थिती एक नाही. एच-४ बाईच्या घरात डॉलरचा पगार येतो. आशाताईला खोलीभाड्याची चिंता असते. हे झाकून ‘आपण साऱ्या बहिणी’ म्हणणं ढोंग होईल. पण दोघींना फुकट राबवणारा युक्तिवाद एकच आहे : बाईला सेवेची उपजत आवड असते, आवडीचे पैसे कसले मागायचे? २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका रोज सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात असं दिसलं, पुरुष ९७. या २९९ मिनिटांनंतर उरलेल्या वेळावरही ‘सेवा’ हक्क सांगते.

माझं म्हणणं सेवेच्या विरोधात नाही. पगाराचं काम करण्याचा हक्क हातात असताना जे आपणहून केलं जातं, ती स्वयंसेवा. तो हक्क काढून घेऊन करवलेलं काम म्हणजे फुकटची मजुरी, मग शिक्का व्हिसाचा असो की शासन निर्णयाचा.

आणि मैत्रिणींनो, हा हिशोब आपल्या संघटनांनाही लागू आहे. घरी बसून रबरी भागांच्या कडा कापणारी भोसरीतली बाई मोर्चाला येते, तेव्हा तिची त्या दिवसाची नगावरची कमाई बुडते. बसभाडं ती पदरचं घालते. तिची बुडालेली मजुरी आणि बसभाडं संघटनेच्या जमाखर्चात दिसलं पाहिजे. कार्यकर्तीचे तास वार्षिक अहवालात लिहिले पाहिजेत. सरकारकडे आशाताईंसाठी वेतन मागायचं आणि आपल्या कार्यालयात ‘ताई करतील की’ म्हणायचं, हे एकत्र चालणार नाही.