ऊस आपला, कारखाना कोणाचा?

साहस भांडवल म्हणजे परतफेडीची हमी न मागता, धंद्यात हिस्सा घेऊन लावलेला पैसा. ‘व्हेंचर कॅपिटल’ हे त्याचे इंग्रजी नाव आता मराठीतही रुळले आहे. बँकेच्या कर्जाहून त्याची रीत मुळातच वेगळी. राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याचा शेतकरी पीककर्जाला जातो तेव्हा बँक सातबारा पाहते, त्यावर बोजा चढवते आणि फेडीची मुदत ठरवते. पीक आले नाही तरी हप्ता चुकत नाही. मोबाइलवर गाणी, गोष्टी, खेळ किंवा गप्पांचे व्यासपीठ उभे करू पाहणाऱ्या तरुणाकडे मात्र तारण ठेवायला काही नसते. संगणकातली आज्ञावली आणि ती वापरणारी माणसे हीच त्याची मालमत्ता, आणि त्या मालमत्तेला सातबारा नाही. तिथे भागीदार होऊन बुडण्याची जोखीम अंगावर घेणारा पैसाच लागतो. गेल्या पंधरा वर्षांत करमणुकीच्या आणि संपर्काच्या तंत्रज्ञानात असा पैसा प्रचंड आला आणि त्यातून घडलेली ॲप्स खेड्यापाड्यांतल्या हाताहातांत पोचली. हा पैसा कसा चालतो, कोणाला मिळतो आणि मराठीच्या पदरात काय पडते, हे समजून घेणे आता गावाच्याही हिताचे आहे.

करमणुकीच्या नव्या तंत्रावर जोखीम पत्करून पैसा लावणे महाराष्ट्राला नवे नाही. गोदावरीच्या उगमापाशी, त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा येथे चित्रपट काढता येईल यावर पैसेवाल्यांचा विश्वास नव्हता. फाळक्यांनी वाटाण्याचा दाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करत राहिले. पुढे पडद्यावर पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत अंकुर फुटला आणि काही क्षणांत रोप वाढले. त्या छोट्या फितीने भांडवल देणाऱ्याची खात्री पटवली. आजचा उद्योजक गुंतवणूकदारापुढे ॲपचा नमुना चालवून दाखवतो, त्यामागची युक्ती हीच आहे. पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

यशानंतर भांडवलाचा दुसरा चेहरा दिसला. १९१८ मध्ये भागीदारांच्या पैशांवर नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. खर्चावरून भागीदारांशी खटके उडू लागले आणि फाळके कंपनी सोडून काशीला गेले. काही काळाने परतले. १९२९ मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात’ स्थापन झाली तिची रचना निराळी होती. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे चार कलावंत-तंत्रज्ञ आणि पैसा घालणारे सराफ सीतारामपंत कुलकर्णी असे पाचही जण मालक होते. कलावंत मालक असलेल्या त्या कंपनीने मराठी चित्रपटाला त्याची सर्वात देखणी वर्षे दिली. पैसा किती, याच्याइतकाच हिस्सा कोणाचा हा प्रश्न महत्त्वाचा असतो, हे तेव्हाच दिसले होते.

आजचे साहस भांडवल निधीच्या रूपाने गोळा होते. भारतात असे निधी ‘सेबी’च्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमांखाली चालतात. सर्वसाधारण निधीत एका गुंतवणूकदाराला किमान १ कोटी रुपये घालावे लागतात, त्यामुळे हा सामान्य ठेवीदाराचा पैसा नव्हे. निधी साधारण १० वर्षांचा असतो. व्यवस्थापक वर्षाला सुमारे २ टक्के शुल्क आणि शेवटी नफ्याचा पाचवा हिस्सा घेतात. समजा, १०० कोटींचा निधी २० कंपन्यांत ५-५ कोटी घालतो. त्यातल्या १२ बुडाल्या, ६ कंपन्यांनी मुद्दल तेवढे परत केले, तर उरलेल्या दोघींनी मिळून निधीचे बाकीचे ७० कोटी भरून काढून वर नफाही द्यायला हवा. म्हणून गुंतवणूकदार तीसपट, पन्नासपट वाढू शकेल असाच धंदा शोधतो. संगमनेर किंवा कोपरगावात वर्षाला दोन कोटींचा नफा देणारा व्यवसाय मालकाला सोन्याचा असतो. निधीच्या गणितात तो बसत नाही.

कराराची कलमेही याच गणितातून येतात. गुंतवणूकदाराने १० कोटी घातले आणि कंपनी पुढे १२ कोटींना विकली गेली, तर प्राधान्याच्या कलमानुसार तो आधी आपले १० कोटी उचलतो. रात्रंदिवस राबलेल्या संस्थापकांना उरलेल्या २ कोटींत वाटणी करावी लागते. गुंतवणुकीच्या दर नव्या फेरीत नवे भाग काढले जातात आणि जुन्या भागधारकांचा वाटा पातळ होतो. कंपनीची किंमत कागदावर कितीही चढो, विक्रीच्या दिवशी हातात काय येणार हे या कलमांवर ठरते.

मराठीला या पैशाचा पहिला लाभ झाला तो अक्षरांच्या रूपाने. २००९ च्या सुमारास बहुतेक साध्या मोबाइलवर देवनागरी नीट उमटत नसे. नोकियात काम केलेले उमेश कुलकर्णी आणि चंद्रशेखर सोहोनी यांनी ‘न्यूजहंट’ काढले आणि भारतीय भाषांतली वृत्तपत्रे लहानशा पडद्यावर वाचता येऊ लागली. २०१२ मध्ये ते वर्से इनोव्हेशनने घेतले; २०१५ पासून ते ‘डेलीहंट’ झाले. चित्रफितींच्या बाबतीत असेच काम निखिल जकातदार यांच्या ‘वूक्लिप’ने केले. तिचे अभियांत्रिकीचे काम पुण्यात चाले आणि पैसा अमेरिकेतल्या व सिंगापूरच्या गुंतवणूकदारांचा होता. टूजीच्या कमकुवत जोडणीवर, कोणत्याही फोनवर चित्रफीत न अडखळता चालावी म्हणून ती फोनच्या कुवतीप्रमाणे बदलून पाठवणे, हे तिचे तंत्र होते. २०१५ मध्ये हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूने ती घेतली. दोन्ही ठिकाणी भांडवलाने एक खरी अडचण सोडवली आणि तिचा उपयोग खेड्यातल्या माणसाला झाला.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे दर कोसळले आणि पैशाचा ओघ वाढला. आयआयटी कानपूरच्या तिघांनी २०१५ मध्ये काढलेल्या ‘शेअरचॅट’ने इंग्रजीला जागाच ठेवली नाही, मराठी तिच्या आरंभीच्या भाषांपैकी एक होती. मुंबईच्या इंडिया कोशंट या निधीने तिला सुरुवातीचा पैसा दिला. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली आणि पाठोपाठ शेअरचॅटचे ‘मोज’ व वर्सेचे ‘जोश’ ही ॲप्स उतरली. एप्रिल २०२१ मध्ये शेअरचॅटने ५० कोटी डॉलर उभे केले आणि तिचे मूल्य २१० कोटी डॉलर धरले गेले. एप्रिल २०२२ मध्ये वर्सेने एका फेरीत ८० कोटी डॉलर मिळवले आणि तिचे मूल्य ५०० कोटी डॉलरच्या घरात गेले. पुढे जगभर व्याजदर चढले, पैसा आखडला. जानेवारी २०२३ मध्ये शेअरचॅटने सुमारे पाचवा हिस्सा कर्मचारी कमी केले.

या सगळ्या कंपन्यांत मराठी आहे ती दहा-पंधरा भाषांच्या यादीतली एक भाषा म्हणून. त्याचे कारण उघड आहे. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख होते. ही संख्या युरोपातल्या बहुतेक देशांच्या लोकसंख्येपेक्षा मोठी आहे, पण प्रादेशिक भाषेतल्या जाहिरातीचा दर कमी आणि वर्गणी भरणारा प्रेक्षक थोडा. पन्नासपट वाढीचे गणित केवळ मराठीवर जुळवणे अवघड जाते. म्हणून केवळ मराठीसाठीचे प्रयत्न वेगळ्या पैशावर उभे राहिलेले दिसतात. ‘प्लॅनेट मराठी’ या चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या सेवेला २०२१ मध्ये व्हिस्टास मीडिया कॅपिटलची साथ होती, २०२३ मधले ‘अल्ट्रा झकास’ हे जुन्या चित्रपट-वितरण व्यवसायातून आले. ‘भारतीय डिजिटल पार्टी’ने २०१६ पासून यूट्यूबवर मराठी विनोदाचा मोठा प्रेक्षक जमवला. बोलक्या पुस्तकांत स्वीडनच्या स्टोरीटेलने २०१७ मध्ये भारतात येताना इंग्रजी व हिंदीबरोबर मराठी निवडली, कारण येथला वाचक वर्गणी भरून ऐकेल असा तिचा हिशेब होता. २०२० मध्ये यूपीआयची आपोआप वर्गणी कापण्याची सोय आली आणि महिन्याला थोडके पैसे घेणाऱ्या अशा सेवांचा मार्ग सुकर झाला. मराठीत धंदा होतो. तो सावकाश होतो.

जोखमीचा पैसा म्हणजे बुडणेही आलेच. ट्विटरला भारतीय भाषांतला पर्याय म्हणून आलेल्या ‘कू’मध्ये मराठीही होती. टायगर ग्लोबलसारख्या बड्या निधींचा पैसा असूनही जुलै २०२४ मध्ये ती बंद पडली. रोजचे वापरकर्ते टिकले नाहीत आणि उत्पन्नाची वाट सापडली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि २०२१ मध्ये ८०० कोटी डॉलर मूल्याच्या झालेल्या मुंबईच्या ड्रीम स्पोर्ट्सला आपला मुख्य धंदा थांबवावा लागला. त्या खेळांमुळे घरे उद्ध्वस्त होत होती, म्हणून बंदी योग्यच होती. लोकांच्या नुकसानीवर उभा राहिलेला धंदा कितीही भांडवल ओतले तरी टिकाऊ नसतो, हा धडा गुंतवणूकदारांनी त्यातून घ्यावा. पुण्याच्या सुपरगेमिंगने याच काळात ‘इंडस’ हा भारतीय कल्पनाविश्वावर बेतलेला खेळ बाहेरच्या गुंतवणुकीवर तयार करून २०२४ मध्ये आणला. कसब असलेले तरुण महाराष्ट्रात आहेत, याची ही साक्ष.

आता या साखळीचे शेवटचे टोक पाहावे. एप्रिल २०१७ मध्ये पुणतांब्याच्या ग्रामसभेने संपाचा ठराव केला आणि १ जूनला शेतकरी संपावर गेले. रस्त्यावर ओतलेल्या दुधाच्या, फेकलेल्या भाजीच्या चित्रफिती मोबाइलवरून घरोघरी पोचल्या. ते चित्रण गावकऱ्यांचे, व्यथा गावकऱ्यांची. प्रेक्षक मात्र व्यासपीठांच्या खात्यात जमा झाले. आजही गोदावरीच्या घाटावर, चांगदेवांच्या समाधिमंदिरात किंवा कांद्याच्या चाळीपुढे उभा राहून तरुण मोबाइलने चित्रण करतो, रात्री संपादन करतो, पहाटे चढवतो. लांब चित्रफिती करणाऱ्याला यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायचे तर १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे पाहणे लागते. त्यानंतर लांब चित्रफितीच्या जाहिरातीतले ५५ टक्के त्याचे. आखूड चित्रफितींना वेगळा, कमी दर. हा दर व्यासपीठ ठरवते आणि व्यासपीठच बदलते.

ऊस पिकवणाऱ्याला ही स्थिती चटकन समजेल. उसाला एफआरपी म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर आहे, १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन आहे, वजनकाट्यावर हरकत घेता येते. चित्रफितीला यातले काही नाही. साहस भांडवल गाळप करणाऱ्याला मिळते, लागवड करणाऱ्याला मिळत नाही. व्यासपीठाचे मूल्य शेकडो कोटींनी वाढते ते लाखो जणांच्या आशयावर, पण त्या वाढीत त्यांचा एकही भाग नसतो.

पुणतांब्याच्याच राहाता तालुक्यातल्या लोणीने या प्रश्नाला एकदा उत्तर दिले आहे. खासगी साखर कारखाने परिसरात होतेच. पुणतांब्यालाही चांगदेव शुगर मिल्स होती. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले, शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले, धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५० मध्ये प्रवरेच्या सहकारी कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले. शेतकऱ्यांनी घातलेला तो पैसाही जोखमीचाच होता. कारखाना चालेल याची हमी कोणी दिली नव्हती. फरक इतकाच की ऊस घालणारा आणि मालक एकच होता. पुढे सहकारात दोष शिरले, पण त्यामुळे मूळ तत्त्व खोटे ठरत नाही.

ते तत्त्व नव्या उद्योगात आणायचे तर काही गोष्टी करायला हव्यात. २०२५ मध्ये मुंबईत दृक्‌श्राव्य व करमणूक उद्योगाची ‘वेव्हज’ परिषद झाली आणि राज्याने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम व गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले. त्या धोरणातला पैसा मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंत संपू नये. मराठी आशयाला दीर्घ मुदतीचे, लहान रकमांचे, मर्यादित परताव्यावर समाधान मानणारे भांडवल त्यातून वेगळे काढावे. सरकारी पैसा घेणाऱ्या व्यासपीठाने आशय देणाऱ्यांसाठी भागांचा राखीव वाटा ठेवावा आणि उत्पन्नाचा हिशेब खुला करावा. दर बदलायचा तर पूर्वसूचना बंधनकारक असावी. शेतकरी उत्पादक कंपनीचा कायदा शेतमाल, हातमाग, हस्तकला अशा प्राथमिक उत्पादनापुरता आहे. चित्रफिती, ध्वनिकथा करणाऱ्यांना तो दरवाजा उघडावा. तोवर मर्यादित दायित्व भागीदारी किंवा सहकारी संस्था काढून एकत्र येण्याची वाट मोकळी आहे. पतसंस्थांतल्या ठेवी मात्र या वाटेने कधीही जाऊ नयेत. ठेव ही म्हातारपणाची आणि लेकीच्या लग्नाची पुंजी असते, जोखीम ज्याला झेपते त्यानेच ती घ्यावी. आपापल्या जिल्ह्यातल्या सुस्थितीतल्या उद्योजकांनी आणि बाहेर स्थिरावलेल्या मराठी अभियंत्यांनी मिळून असा निधी उभा करावा, आणि त्याच्या पहिल्याच करारात आशय निर्माण करणाऱ्याचा हिस्सा लिहून ठेवावा.