पंधरा दिवस की पंधरा वर्षं?

'सगळं नावावर व्हायला किती दिवस लागतात हो?' तेरावं उरकतं, पाहुणे जातात आणि घरातलं कुणीतरी हा प्रश्न हळूच विचारतं. विचारताना स्वतःच ओशाळतं. वास्तविक त्यात ओशाळण्यासारखं काय आहे? होम लोनचा हप्ता, आईच्या मेडिक्लेमचा प्रीमियम, सोसायटीचा मेंटेनन्स, यातलं कुणीच सुतक पाळत नाही.

पण बॉस, उत्तर एका आकड्यात मिळत नाही. 'सगळं' हे एक काम नसतंच मुळी. खात्याचं घड्याळ वेगळं, फ्लॅटचं वेगळं, आणि गावच्या जमिनीला बहुधा घड्याळच नसतं.

सगळ्यात फास्ट बँक. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नियम काढले, की सगळी कागदपत्रं हातात आल्यापासून १५ दिवसांत बँकेने क्लेम निकाली काढायचा. उशीर बँकेमुळे झाला तर ठेवीवर बँक रेट अधिक ४ टक्के दराने भरपाई, लॉकरला दिवसाला ५,००० रुपये. नॉमिनी नसेल, पण भांडणही नसेल, तर व्यापारी बँकेत किमान १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत साध्या कागदांवर काम व्हायला हवं. झक्कास! फक्त ते 'सगळी कागदपत्रं' एवढं पुन्हा वाचा. वडील कधी गेले याच्याशी त्या १५ दिवसांना देणंघेणं नाही. फाइल पुरी झाली की मोजणी सुरू.

माझ्या ओळखीतला एक जण वाकडला राहतो, आयटीत आहे. वडील डोंबिवलीला असायचे, २०२२ मध्ये गेले. खात्याला आई नॉमिनी, काम तीन आठवड्यांत झालं. विम्याचे पैसेही आले. याला वाटलं, संपलं की! मग ट्रंकेतून शेअर्सची जुनी कागदी सर्टिफिकेट्स निघाली. एकावर वडिलांचं पूर्ण नाव, दुसऱ्यावर नुसती इनिशियल्स. ही दोन्ही माणसं एकच होती, हे सिद्ध करण्यात दीड वर्ष गेलं.

फ्लॅटला नॉमिनी हाच होता. आता इथे निम्मा महाराष्ट्र फसतो. नॉमिनी म्हणजे मालक, असं आपण धरून चालतो. आपल्याकडे सहकार कायद्यात २०१९ मध्ये जी दुरुस्ती झाली, त्यानुसार नॉमिनी हा तात्पुरता सभासद. खरे वारस ठरेपर्यंतच. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं, की नॉमिनीने पैसे किंवा शेअर्स ताब्यात घ्यायचे, मालकी वारसा कायद्याने किंवा विलने ठरणार.

आणि वारस कोण? हिंदू पुरुष विल न करता गेला तर बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळ्यांना सारखा हिस्सा. हो, आजी हयात असेल तर तीही. वडील या पहिल्या यादीत नाहीत. म्हणजे नुकतं लग्न झालेल्या, मूलबाळ नसलेल्या तुमच्यासारख्या एखाद्याचं काही बरंवाईट झालं, तर निम्मं बायकोचं, निम्मं आईचं. डाउन पेमेंटसाठी पीएफ मोडणाऱ्या बाबांना शून्य. बसला ना धक्का?

तर आपल्या मित्राची ताई न्यू जर्सीत. फोनवर म्हणाली, "मला काही नको रे, तुझ्या नावावर कर." मनाने दिलदार. पण फोनवर हक्क सुटत नाही, त्याला रजिस्टर केलेलं हक्कसोडपत्र लागतं. तिला यायला जमेना, म्हणून पॉवर ऑफ अॅटर्नी. ती तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून आणायची, आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टॅम्प ड्युटी भरायची. भाऊ-बहिणीत एका शब्दाचं भांडण नाही, तरी चौदा महिने!

मुंबईत विल असूनही एक जास्तीचा थांबा असायचा. प्रोबेट. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने वारसा कायद्यातलं ते सक्तीचं कलम २१३ काढून टाकलं. उत्तम झालं. मात्र एखाद्या काकांनी 'ही सही दादाची नाहीच' म्हटलं, की कोर्ट आलंच, आणि मग दिवस मोजायचे सोडून द्या.

खरी धमाल साताऱ्याकडच्या दीड एकरात. सातबाऱ्यावर नाव आजोबांचं, आणि आजोबा वारले १९८९ मध्ये. नियम साधा आहे. वारस नोंदीचा अर्ज करायचा (आता ई-हक्कवर घरबसल्या होतो), फेरफार धरला जातो, १५ दिवसांची नोटीस निघते, हरकत नसेल तर नोंद मंजूर. पण यादी पूर्ण हवी. आजोबांना पाच मुलं, त्यातली दोन गेलेली, मग त्यांची मुलं, शिवाय दोन्ही आत्या, ज्यांची नावं 'त्यांना कशाला त्रास' म्हणून कुणीच घातली नव्हती. मोजले तर सतरा जण. एक चुलतभाऊ सुरतेला, त्याच्याशी एका लग्नातल्या मानपानावरून पंचवीस वर्षं बोलणं बंद. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये आजोबांचं नाव 'नाना', एवढंच. नोंद झाली तरी वाटप किंवा विक्रीला सतराही जण लागतील. असे 'नाना' राज्यभर इतके निघाले की सरकारने २०२५ मध्ये मयतांच्या जागी वारसांची नावं लावायला खास मोहीम काढली. तिचं नाव 'जिवंत सातबारा'. नाव ठेवणाऱ्याला सलाम.

तेव्हा 'किती दिवस' हे सरकारी टेबलापेक्षा आपल्या घरातल्या ट्रंकेवर जास्त ठरतं, असं माझं मत. बाबांना विलचं विचारायला जीभ रेटत नसेल, तर स्वतःपासून सुरू करा. विल साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर करणं ऐच्छिक. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी टाकता येतात. आणि लग्न झालं असेल तर आजच पीएफचं पोर्टल उघडा, कारण लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर बाद धरलं जातं. बायकोचा किंवा नवऱ्याचा फोटो आणि आधार नंबर जवळ ठेवा. लंच टाइममध्ये होतं.